आखाजीला जाताना लेकीला काय सांगू?

ताई,

मी ३६ वर्षांची आहे. माहेर शिरपूर तालुक्यातलं, नोकरीला नाशिकला असते. सात वर्षांपूर्वी परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. लेक आता नऊ वर्षांची आहे. ती माझ्याकडे असते. तिचे वडील सुरतला असतात, मे महिन्यात दहा दिवस तिला घेऊन जातात. गेली पाच वर्षं माझी जोडीदार आमच्यासोबत राहते. होय, जोडीदार बाईच आहे. लेकीचा अभ्यास, डबा, आजारपण, सगळ्यात तिचा निम्मा वाटा असतो. लेक तिला मावशी म्हणते. माहेरी मात्र ती माझी 'रूमवरची मैत्रीण'.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही मायलेकी गावी जातो. गेल्या वर्षी भावानं मला न विचारता दोंडाईच्याहून एक बिजवर जेवायला बोलावला. ते मी कसंबसं निभावलं. पण त्याच दुपारी अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर चुलत बहिणीच्या मुलीनं माझ्या लेकीला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण राहतं?" ती म्हणाली, "मी, मम्मी आणि मावशी." "कोणती मावशी? तुझ्या मम्मीला तर बहीणच नाही." लेकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शेजारची." मी तिला असं कधीच शिकवलं नव्हतं. त्या रात्री घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, ती गाढ झोपली, मी टक्क जागी होते.

यंदा आखाजी झाली की भाऊ आणि दोन चुलत भाऊ बायका-पोरांसह तीन दिवस सातपुड्यातल्या तोरणमाळला जाणार आहेत. आम्हालाही बोलावलंय. वहिनी म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीलाही आण." नेऊ का? लेकीला काय सांगून ठेवू? आणि हे बाहेर फुटलं तर तिचे वडील तिला माझ्याकडून काढून घेतील का?

— एक माहेरवाशीण

माहेरवाशिणी,

तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं-तुगंच करते. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देईन. पण तुझं सगळं पत्र 'शेजारची' या एका शब्दावर अडलंय, तेव्हा आधी तेच बोलू.

तू तिला खोटं बोलायला शिकवलं नाहीस, हे खरं. तिनं ते तुझ्या चेहऱ्यावर वाचलं. मी अंदाजानं सांगते, चुकत असेन तर सोडून दे: माहेरचा फोन आला की मावशी दुसऱ्या खोलीत जात असेल. व्हिडिओ कॉल असला की तिघींचा फोटो मागे दिसणार नाही अशी जागा बघून तू बसत असशील. पोरं हे सगळं टिपतात. झोक्यावर तिनं तुझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला उमगलं की इथं आपल्या मम्मीला सांभाळून घ्यायचंय. तिनं सांभाळलं. नऊ वर्षांच्या पोरीला ते जमलं, याचंच मला वाईट वाटतं. आखाजीच्या झोक्यावर बसलेल्या पोरीच्या डोक्याला हा घोर कशाला?

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण एकदा माझ्या हातून याच बाबतीत चूक झाली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एक बाप माझ्याकडे आला होता. तोही समलिंगी, सात वर्षांच्या मुलाला एकट्यानं वाढवणारा. तेव्हा कायदा विरोधात होता, मीही घाबरले होते. मी त्याला सांगितलं, सुटीत गावी गेलात की मुलाला एवढंच म्हणायला लावा, 'पप्पांचे मित्र कधीतरी येतात.' मला तो सल्ला शहाणपणाचा वाटला होता. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो परत आला. मुलगा महिनाभर घरच्या पंगतीला बसलाच नव्हता. ताट घेऊन गच्चीवर जायचा, म्हणे कुरडया राखायच्या आहेत. खाली सगळी भावंडं पत्ते खेळायची आणि हा उन्हात कावळे हाकत बसायचा. बापानं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "खाली बसलो तर माझ्या तोंडून निघून जाईल."

त्या पोराची एक अख्खी सुटी माझ्यामुळे गेली. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला ठरवून दिलेलं वाक्य पाठ करायला लावलेलं नाही, आणि तुलाही देणार नाही.

मग काय करायचं? लेकीशी बोलताना दोन गोष्टी वेगळ्या कर. काही गोष्टी घरातल्या असतात. पगार किती, आजीचं ऑपरेशन कशाचं झालं, मम्मी-पप्पा वेगळे का झाले, हे आपण चारचौघांत सांगत बसत नाही. कुणी विचारलं तर "मम्मीला विचारा" म्हणायचं आणि खेळायला पळायचं. त्यात लाज नसते, चुकून बोलून गेलं तरी आभाळ कोसळत नाही. लपवायच्या गोष्टीचं तसं नसतं. ती सांभाळायची म्हणजे पोटात सतत गोळा. तुमचं घर तिच्यासाठी पहिल्या प्रकारचं राहू दे, दुसऱ्या प्रकारचं होऊ देऊ नकोस. आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांग: "तुझ्या तोंडून काहीही निघालं तरी मी रागावणार नाही. मोठ्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू खेळ."

आता त्या शब्दाबद्दल. 'मावशी' तुमच्या घरात आपसूक आलाय, तो बदलायच्या फंदात पडू नकोस. 'दुसरी आई' वगैरे म्हणायला लावू नकोस. लेकीला स्वतःहून कधी वाटलं तर ती म्हणेल. आपल्याकडे हा शब्द मोठ्या मनाचा आहे. दवाखान्यातली आया मावशी, शाळेतली शिपाईण मावशी, बाजारात भाजी विकणारी मावशी. 'माय मरो पण मावशी जगो' असं आपली माणसं म्हणतात, ते उगाच नाही. खोट 'मावशी'त नव्हतीच, 'शेजारची'त होती. पुन्हा कुणी विचारलं, "कोणती मावशी?" तर तिनं म्हणावं, "आमच्या घरची." एवढंच. हे पाठ करून घ्यायचं वाक्य नव्हे. ते खरंच आहे, त्यामुळे लक्षात ठेवावं लागणार नाही. पुढं कुणी खोदलं तर ते प्रश्न तुझ्याकडे येऊ देत.

तिला स्वतःला किती कळलंय, हेही एकदा विचार. माझा अनुभव असा, की नऊ वर्षांच्या मुलांना बहुतेक सगळं माहीत असतं, फक्त त्यासाठी शब्द नसतो. तो शब्द तिला तुझ्याकडून मिळावा, झोक्यावरच्या मोठ्या पोरींकडून नको. "काही बायकांचं पुरुषावर प्रेम जडतं, काहींचं बाईवर. माझं मावशीवर आहे, म्हणून आपण तिघी एका घरात राहतो." याहून जास्त आज लागणार नाही. ती कदाचित विचारेल, "म्हणजे मी पण तशी होणार का?" उत्तर साधं आहे: "तू तुझ्यासारखी होशील." ती कदाचित काहीच विचारणार नाही आणि आमरसाला अजून किती दिवस आहेत ते विचारेल. तेही चालेल.

पण हे सगळं तिच्याशी बोलायच्या आधी माहेरी एकाशी तरी तुला बोलावं लागेल. क्रम महत्त्वाचा आहे. मोठी माणसं अंधारात आणि पोरगी मात्र खरं बोलायला मोकळी, असं केलंस तर गौप्यस्फोटाचं काम तिच्या गळ्यात पडेल.

त्यासाठी तुझी वहिनी आहे. तू पत्रात सहज लिहून गेलीस, पण मी त्या ओळीवर थांबले: "तुझ्या मैत्रिणीलाही आण." घरच्या तीन बिऱ्हाडांची सहल आहे. त्यात कुणी नणंदेच्या रूमवरच्या मैत्रिणीला सहज बोलावत नाही. खान्देशातली वहिनी नणंदेला समोरासमोर विचारणार नाही, पण तिचे डोळे उघडे असतात. मला वाटतं तिनं दार किलकिलं केलंय आणि तू कधी आत येतेस याची ती वाट बघतेय. माझा अंदाज चुकला तरी पहिला शब्द तिच्यापाशीच काढ. भावापाशी काढलास तर तो आधी 'लोक काय म्हणतील' इथं जाईल. आईपाशी काढलास तर ती आधी रडेल, आणि मग तुला तिचेच डोळे पुसत बसावं लागेल.

सणाच्या दिवशी मात्र नको. आखाजीला घागर भरतात, पितरांना पान वाढतात, सांजोऱ्या आणि खापरावरचे मांडे होतात, घरातली प्रत्येक बाई पहाटेपासून चुलीपुढे असते. त्या गर्दीत सांगितलेली गोष्ट नीट ऐकली जात नाही, आणि पुढं दरवर्षी त्या सणाला त्या दिवसाची आठवण चिकटते. त्याआधी एखादा शनिवार-रविवार काढ. मुंबई-आग्रा रस्त्यानं मालेगाव, धुळं करत तू चार-पाच तासांत पोचशील. वाळवणाचे दिवस आहेत, तुझ्या हातांची गरजही असेल.

वहिनीला काय सांगायचं? घाबरून मोठी प्रस्तावना करू नकोस. "वहिनी, ती माझी नुसती मैत्रीण नाही. आम्ही दोघी मिळून संसार करतो. पोरीला ती आईसारखीच आहे. मला परत लग्न करायचं नाही, त्याचं कारण हे आहे." मग गप्प बस. तिला बोलू दे. ती कदाचित "मला वाटलंच होतं" म्हणेल, कदाचित "असं कसं व्हतं वं माय?" म्हणेल. दुसऱ्या प्रश्नानं दुखावून जाऊ नकोस. तिच्याकडे या गोष्टीसाठी शब्दच नाहीत, आणि तुलाही स्वतःशी कबूल व्हायला एक लग्न आणि एक घटस्फोट लागला.

आई-भावाला पुढं कधी आणि कसं सांगायचं, ते तुम्ही नणंदा-भावजया मिळून ठरवा. वहिनीला घराचं अंतरंग तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, ती तिथं रोज असते. एक काम मात्र आजच कर. भावाला फोन करून सांग, "यंदा कुणाला जेवायला बोलावू नकोस. मी लग्न करणार नाही." यासाठी जोडीदाराचा उल्लेख करायची काहीच गरज नाही. "दुसरं लगीन करी ले वं" हे आखाजीला दरवर्षी ऐकावं लागणाऱ्या कितीतरी बायका आहेत, त्यांनाही हे स्वच्छ नाही म्हणता येतं.

घरचे तुला एखाद्या भगताकडे किंवा 'ओळखीच्या डॉक्टर'कडे न्यायची भाषा करतील, अशी शक्यता धरून चल. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. 'बदलून देतो' म्हणणारे उपचार करणं ही डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तणूक आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. भावाला हे शांतपणे सांगता येईल. आणि "हे कायद्यात बसतं का?" असं त्यानं विचारलं तर ६ सप्टेंबर २०१८ ची तारीख सांग. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला.

आता तोरणमाळ.

माझं मत सरळ आहे. वहिनीशी बोलणं झालं असेल आणि भावाच्या कानावर निदान गेलं असेल, तर जोडीदाराला जरूर ने. दोघांपैकी कुणालाच माहीत नसेल, तर 'मैत्रीण' म्हणून नेऊ नकोस. अंगणात दोन तास निभावून नेणं वेगळं. तिथं तीन दिवस तीन बिऱ्हाडं एकमेकांना लागून राहणार. सीताखाईच्या कड्यावर पोरगी कुणाचा हात धरते, रात्री भीती वाटली की कुणाच्या पांघरुणात शिरते, ठेच लागली की कुणाला हाक मारते, हे सगळ्यांना दिसणार. आणि दिसू नये म्हणून सगळ्यात जास्त जपेल ती तुझी लेक. तशी वेळ आली तर भावाला सांग, यंदा जमत नाही. मग तुम्ही तिघीच वेगळ्या तारखेला जा. तोरणमाळलाच जा, नाहीतर रावेर तालुक्यातल्या पालला जा. सातपुडा काही पळून जात नाही. सगळ्यांसोबत गेलं तरच सुटी, असं काही नसतं.

जायचं ठरलं तर आखाजीला जोडीदार नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. अगं, आखाजीची रीतच तशी आहे! भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणतो, सासुरवाशीण माहेरी येते, चार दिवस लेक म्हणून राहते, झोके घेते, गाणी म्हणते. नवरा काही तिच्या मागं-मागं हिंडत नाही. तो नंतर न्यायला येतो. तुझ्या चुलत बहिणींचे नवरेही सणानंतरच येत असतील, आठवून बघ. म्हणजे या एका सणाला तू एकटी गेलीस तर त्यात तिला डावलल्यासारखं काही नाही.

आणि म्हणूनच मला वाटतं, तिनं न्यायला यावं.

नाशिकहून तिनं सकाळी लवकर गाडी काढावी. जेवणाच्या वेळी घरी पोचावं. ओट्यावर बसून पाणी प्यावं, आईच्या पाया पडावं, एक जेवण करावं, आणि ऊन कलल्यावर तुम्ही तिघींनी पुढं निघावं. पहिली भेट एवढीच असावी. लांबलेल्या भेटीत सगळे जण अवघडतात. दोन-तीन तासांत आमरस वाढून होतो, "अजून घ्या ना" म्हणून होतं, आणि माणूस कसं आहे तेही कळतं. वहिनीला तर न्यायला येण्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

जोडीदारालाही दोन शब्द सांग: तिथं जाऊन दिवसभर भाकरी थापत बसू नकोस, कामानं मन जिंकायचा प्रयत्न करू नकोस. पाहुणीसारखी हातावर हात धरूनही बसू नकोस. घरातल्या इतर सुना-जावयांइतकंच कर. तिच्या पाच आखाज्या नाशिकच्या घरात एकटीनं गेल्यात, हे तू पत्रात लिहिलं नाहीस, पण तेही माझ्या डोळ्यांपुढं आहे. गेल्या वर्षी लेकीनं रात्री धाब्यावरून तिला फोन केला होता का? यंदा करू दे, सगळ्यांच्या देखत करू दे.

तोरणमाळला दोन गोष्टी पाळ. पहिली, स्वतःची गाडी ठेव. सगळ्यांसोबत क्रूझरमध्ये बसलात तर पोरीला मजा येईल हे खरं, एखादी फेरी तिला तिकडं बसू दे. पण कुणी पोरीसमोर वेडंवाकडं बोललं आणि निघावं लागलं, तर उतरायला आपलं वाहन हवं. शहाद्यापासून वर पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे, शेवटी घाट आहे, तेव्हा उजेड असतानाच निघा. भांडत बसू नकोस. "पोरीसमोर हे नको" एवढं म्हणून उठ. दुसरी गोष्ट फोटोंची. फॅमिली ग्रुपवरचे फोटो सुरतेच्या माणसांच्या स्टेटसपर्यंत कधी पोचतात ते कळतसुद्धा नाही. यंदा फोटो टाकताना मला विचारा, एवढं वहिनीला सांगून ठेव.

खोल्यांची फार काळजी करू नकोस. अशा सहलीत बहुतेक वेळा बायका-पोरं एका दालनात आणि पुरुष दुसऱ्या दालनात झोपतात. जसं होईल तसं होऊ दे, दोन-तीन रात्रींचा प्रश्न आहे. तळ्यावर, जेवायला बसताना, डोंगर चढताना तुम्ही तिघी नेहमीसारख्या वागा. तिथं इतरही कुटुंबं असतील, कुणी अनोळखी बाई विचारेल, "तुमचे हे नाही आले?" तिला आख्खी कहाणी सांगायची काही गरज नाही. "आम्ही तिघीच आहोत" म्हण आणि हस. तिची पोरं तुझ्या लेकीला विचारतील, ती "आमच्या घरची मावशी" म्हणेल, पोरं "बरं" म्हणतील आणि कमळाच्या तळ्याकडे पळतील. पोरांचं कुतूहल तेवढ्यापुरतं असतं. मोठ्यांना वेळ लागतो.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यात सांभाळून उत्तर देते, कारण इथं खोटा दिलासा देणं पाप आहे. हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन असणं) व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम १३ नुसार मूल कुणाकडे राहावं हे ठरवताना मुलाचं हित सगळ्यात वर धरतात. आई समलिंगी आहे म्हणून मूल काढून घ्यावं, असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. पण वडिलांनी अर्ज केला तर तो ऐकला जाईल, आणि न्यायाधीशाच्या मनात काय येईल याची हमी तुला कुठलाही वकील देणार नाही. म्हणून आपली बाजू आधीच भक्कम ठेवायची. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात सुटीचं जे ठरलंय ते तंतोतंत पाळ. त्यांचे दहा दिवस कुठले, तुमचे तोरणमाळचे तीन दिवस कुठले, हे त्यांना मेसेजवर लिहून कळव आणि मेसेज जपून ठेव. शाळेचे निकाल, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका फाइलला लाव. आणि सुटीच्या आधी एकदा वकिलाला भेट. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी मार्ग सांगतात.

जोडीदाराचं लेकीशी कायद्यानं नातं नाही, हेही ध्यानात ठेव. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही, जोडीनं दत्तक घेण्याचाही नाही. तोरणमाळला पोरगी पडली-झडली आणि तू जवळ नसलीस तर दवाखान्यात सहीचा घोळ होऊ शकतो. म्हणून तुझ्या सहीचं एक पत्र तिच्यापाशी असू दे: माझ्या गैरहजेरीत उपचारासाठी निर्णय घ्यायला हिला माझी संमती आहे. सोबत तुम्हा दोघींच्या आणि लेकीच्या आधार कार्डाची प्रत. त्यानं तिला पालकत्व मिळत नाही, पण अडचणीच्या वेळी कागद हातात असलेला बरा.

सगळंच अंधारात आहे असंही नाही. १६ ऑगस्ट २०२२ रोजी याच न्यायालयानं दीपिका सिंह यांच्या प्रसूती रजेच्या खटल्यात लिहिलं, की कुटुंब म्हणजे केवळ नवरा-बायको-मुलं नव्हे. लग्नाशिवायची सोबत आणि समलिंगी नातीही त्यात येऊ शकतात. आणि २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले मानावं. वाचून मला फार बरं वाटलं होतं. घर कुणाचं, हे आपण चूल एक की वेगळी यावरूनच तर ठरवत आलो.

आणि लेकीवर परिणाम होईल का, ही भीती तू लिहिली नाहीस, पण ती ओळीओळीत आहे. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोलोम्बोक यांनी १९७० च्या दशकापासून समलिंगी आयांच्या मुलांचा अभ्यास केला. ती मुलं इतर मुलांहून वेगळी किंवा दुबळी निघाली नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१३ मध्ये हेच सांगितलं. गरिबी, आईबापांची भांडणं, आईबापाचं नैराश्य यांचा मुलांवर परिणाम होतो. आई कुणावर प्रेम करते याचा होत नाही. अशा मुलांना जाच होतो तो बाहेरच्यांच्या टोमण्यांचा. म्हणून तर वहिनीसारखं एक माणूस त्या अंगणात तुझ्या लेकीच्या बाजूनं उभं असायला हवं. पुन्हा कुणी विचारलं, "कोणती मावशी?" तर तूच बोलायला हवं असं नाही. वहिनी लांबून सांगेल, "तिच्या घरची शे, तू झोका दे."

वाळवणाला जाशील तेव्हा संध्याकाळीच पोच आणि मुक्कामाला राहा. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा पहाटे चारला चुलीवर चढतो, आणि तेव्हा वहिनी एकटीच जागी असते.